कळफलकावरचा हरवलेला 'ऱ'

परिचयातील एका संस्थेच्या स्नेहभोजनाचे पत्रक मध्यंतरी हाती आले. कार्यकर्त्यांसाठी त्यात सूचना होती : 'आचार्यांना मजुरी सायंकाळी द्यावी.' बिचारे आचारी एका अक्षराने आचार्यपदी पोहोचले! विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "संगणकावर तो 'ऱ्य' उमटतच नाही हो."

उमटत कसा नाही? केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सिद्ध केलेला इनस्क्रिप्ट कळफलक आज जवळजवळ प्रत्येक संगणकात विनामूल्य उपलब्ध आहे. शिफ्टसह 'जे' दाबा, 'ऱ' येतो; 'डी' दाबून त्याचा पाय मोडा आणि पुढे 'य' लिहा. झाला 'ऱ्य'! शिफ्टसह 'एन' म्हणजे 'ळ', शिफ्टसह पाचाचा आकडा म्हणजे 'ज्ञ'. 'ॲ'ला तर युनिकोडने २००८ साली स्वतंत्र स्थान दिले. (गंमत अशी की, हे अक्षर आपल्याला लागते ते मुख्यतः इंग्रजी शब्दांसाठीच.)

रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली. देवनागरीच्या खिळ्यांचा पसारा मुद्रणयंत्राला झेपत नव्हता, म्हणून त्यांनी 'अि, अी' अशी 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली. त्या काळी यंत्रासाठी लिपीला मुरड घालणे भाग होते. आज यंत्र आपल्या लिपीतील प्रत्येक अक्षर मुकाट्याने उमटविण्यास सिद्ध आहे. बोटे हलवायची नाहीत ती आपल्यालाच! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या आनंदाचे किती संदेश आपण रोमन लिपीत धाडले, हे प्रत्येकाने आपला भ्रमणध्वनी उघडून पाहावे. याला तांत्रिक अडचण म्हणायचे की आत्मविस्मृती?

'सवय नाही' हा आक्षेप खरा आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने, ही रचना अंगवळणी पडेपर्यंत बोटे अडखळतात. परंतु इंग्रजीचा अस्ताव्यस्त कळफलक आपण तक्रार न करता शिकलोच ना? शिवाय ज्या कळीवर आपला 'क' आहे, त्याच कळीवर बंगाली, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम यांचाही 'क' आहे. लिप्या भिन्न, बोटांची चाल एकच! भारतीय भाषांचे मूलगत ऐक्य इतके रोकडे अन्यत्र क्वचितच हाताला लागते.

त्या संस्थेच्या कार्यालयात आता कळांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. पुढच्या पत्रकात आचारी आचारीच राहिले. 'कोशिंबीर'मधली वेलांटी मात्र ऱ्हस्व पडली होती. तो दोष कळफलकाचा नव्हे.