रोपही आता विकतचे?



कपाशीचे घरचे बियाणे गेले, दरवर्षी पाकीट आणतो. आता मिरचीचे रोपही रोपवाटिकेतून येते. 60 बाय 60 सेंटिमीटरवर दहा गुंठ्यांना सुमारे 2,800 रोपे लागतात. रोपाला रुपया धरा आणि हिशेब तुम्हीच करा. त्यातून चुरडा-मुरडा निघाला, तर पावतीशिवाय दाद कुणाकडे मागणार?

कृषी पदवी घेऊन आम्हीच गावोगाव सांगत फिरलो, संकरितच लावा. त्याचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, हे मात्र ठासून सांगितले नाही. चूक आमची.

सरळ वाण धरा. निरोगी झाडांची पिकलेली लाल मिरची बियाण्याला राखा. मेच्या मध्यात अंगणात 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद असे तीन गादीवाफे करा. बी ओळीत, 1 सेंटिमीटर खोल टाका. पाणी तुंबू देऊ नका, नाहीतर रोपे कोलमडतात. चाळीसेक दिवसांत रोप लावणीला येते.

पाणी कुठले? रोज चार-पाच घागरी. त्या एकट्या बाईच्या डोक्यावर देऊ नका.

घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. तो वापरा. पुढच्या बैठकीला मूठभर बी घेऊन या, अदलाबदल करू.