किडा आत आहे!

'पतंग' म्हटलं की आमच्या घरात गोंधळ होतो. मुलांना मांजा आठवतो आणि त्यांच्या आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दिव्याभोवती घिरट्या घालणारा. कारण कन्नडमध्ये उडवायचा तो 'गाळीपट'!

या दुसऱ्या पतंगाची ओळख परवा हिरण्यकेशीकाठच्या मळ्यात झाली. कर्नाटकात २००१ साली कायदा बदलला आणि शेतातल्या चंदनाची मालकी शेतकऱ्याकडे आली. मेहुण्यांनीही मोठ्या आशेने बांधावर श्रीगंध लावला. "दाजी, तीनदा फवारलं, तरी हे तिसरं झाड वाऱ्यानं मोडलं," ते रडवेले होऊन म्हणाले.

सासूबाई बुंध्याशी वाकल्या. मातीत भुशाच्या बारीक गोल गोळ्या पडल्या होत्या. "हुळ ओळग ऐती!" त्या म्हणाल्या. किडा आत आहे. खोड चिरलं, तर पोकळीत तांबडी अळी!

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं. हा तांबडा खोडकिडा, शास्त्रीय नाव झ्युझेरा कॉफी. कॉफीच्या मळ्यांतही हा कुप्रसिद्ध आहे. मादी सालीच्या भेगांत शेकडो अंडी घालते. इवल्या अळ्या रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात, कोवळ्या फांदीत शिरतात आणि पुढे जाड खोडात उतरतात. कोषही आतच होतो. पतंग उडाला की रिकामं टरफल भोकात अर्धवट अडकून राहतं. पतंग दिसायला देखणा, पांढऱ्या पंखांवर निळसर काळे ठिपके. पण तो काही खात नाही. अळीपणीच्या शिदोरीवर थोडे दिवस जगतो, अंडी घालतो आणि संपतो. याच कुळातल्या ऑस्ट्रेलियातल्या एका पतंगाची मादी तीस ग्रॅमपर्यंत भरते. जगातला सर्वांत वजनदार पतंग तोच.

बाहेरून मारलेलं औषध आतल्या अळीपर्यंत पोचतच नाही, हे आम्हाला उशिरा उमगलं. पोखरलेली फांदी भोकाच्या खालून कापून जाळायची. मुख्य खोडात भोक असेल, तर तार घालून अळी मारायची आणि भोक मातीने लिंपायचं.

चंदनाचा गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तेवढा काळ झाडाला राखण हवी. मेहुण्यांनी आता पंप ठेवून दिलाय. रोज सकाळी मायलेक बांधावरून फिरतात, ते खाली मातीकडे बघत. तुमच्याही बांधावर चंदन असेल, तर आधी बुंध्याशी वाका.