आजोबांचा पत्ता, नातवाचा हक्क

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता तो १० ऑगस्ट १९५० रोजी. या दोन तारखांमध्ये साडेचार वर्षांचे अंतर आहे आणि भिलाईतील मराठी दलित कुटुंबांची तिसरी पिढी नेमकी या अंतरात अडकली आहे.

छत्तीसगडमध्ये अनुसूचित जातीचा स्थायी दाखला हवा असेल, तर आपले पूर्वज १० ऑगस्ट १९५० रोजी सध्याच्या छत्तीसगडच्या हद्दीत राहत होते, हे अर्जदाराला दाखवावे लागते. जमातींसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे. दाखले देण्याची व तपासण्याची रीत राज्याच्या २०१३ च्या अधिनियमाने बांधून दिली आहे. मिसल बंदोबस्त, अधिकार अभिलेख, शाळेचे दाखल-खारीज पुस्तक हे त्यातील प्रमुख पुरावे. खेड्यातील रहिवाशाकडे कागद नसेल, तर ग्रामसभेचा ठराव आधाराला येतो. परंतु भंडारा वा नागपूरहून भट्टीच्या कामासाठी आलेल्या कामगाराच्या नातवाला यातील काहीच उपयोगी पडत नाही. आजोबांशी असलेले नाते तो निर्विवाद सिद्ध करू शकतो. अडचण नात्याची नाही, आजोबांच्या पत्त्याची आहे.

विसंगती अशी की महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे, तशीच छत्तीसगडच्याही यादीत आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांच्या कागदोपत्री ‘बौद्ध’ अशी नोंद झाली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. तारीख मात्र हलली नाही. इतर मागासवर्गासाठी छत्तीसगडने २६ डिसेंबर १९८४ ही तारीख धरली आहे. म्हणजे १९५७ साली विदर्भातून एकाच गाडीने आलेल्या दोन कामगारांपैकी तेली कामगाराचा नातू राज्याच्या सवलतीस पात्र ठरतो आणि महार कामगाराचा नातू ठरत नाही.

अशा कुटुंबांना सर्वच दारे बंद आहेत, असे नव्हे. मूळ राज्यातील सक्षम अधिकाऱ्याने वडिलांना दिलेल्या दाखल्याच्या आधारे स्थलांतरिताच्या अपत्यास दाखला द्यावा, अशी केंद्राची १९८२ ची सूचना आहे. त्यावर केंद्रीय सेवा आणि सार्वजनिक उपक्रमांतील आरक्षण मिळू शकते. खुद्द भिलाईचा कारखाना केंद्राचा उपक्रम असल्याने पहिल्या दोन पिढ्यांना राज्याच्या दाखल्याची फारशी गरजही भासली नसावी. आता कायम नोकऱ्या आटल्या आहेत. मुले राज्याची वैद्यकीय महाविद्यालये, राज्य सेवा आणि पालिकेच्या राखीव जागांकडे वळतात, तेव्हा हा दाखला तोकडा पडतो. उलट बाजूस, महाराष्ट्रात आजोबांच्या गावचे कोतवाल बुक वा शाळेची नोंद दाखवून जात सिद्ध करता येते; पण राज्याच्या जागांसाठी तेथे अधिवास मागितला जातो. जात महाराष्ट्राची आणि अधिवास छत्तीसगडचा, अशा विभागणीत दोन्हीकडील राज्यकोटा हातचा जातो.

न्यायालयांची भूमिका याबाबत दीर्घकाळ ठाम आहे. मर्री चंद्रशेखर राव (१९९०) खटल्यापासून बीर सिंग (२०१८) खटल्यापर्यंत घटनापीठांनी सांगितले की यादी राज्यापुरती असते, कारण मागासलेपण त्या राज्याच्या परिस्थितीत मोजलेले असते; स्थलांतराबरोबर ते राज्यकोट्याचा हक्क म्हणून प्रवास करीत नाही. स्थानिक समाजांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. कारखान्याच्या वसाहतीतील शाळांत शिकलेल्या मुलांशी आपल्या खेड्यातील मुलांनी त्याच जागांसाठी झुंजावे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

तरीही विदर्भातून आलेल्यांचे प्रकरण इतर स्थलांतरितांहून वेगळे आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी भंडारा आणि दुर्ग हे जिल्हे एकाच राज्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्यापूर्वी भिलाईला आलेला मजूर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आला होता. त्याने राज्याची सीमा ओलांडली नाही. सीमाच नंतर त्याच्या मागे आखली गेली. सुधाकर विठ्ठल कुंभारे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पकडला होता. पांढुर्णा आणि विदर्भाचा भाग पूर्वी एकाच प्रदेशात होते, तेव्हा विभाजनानंतरही जमातीचे संरक्षण कायम राहते काय, हे तपासले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. बिहारच्या विभाजनातून उद्भवलेल्या पंकज कुमार प्रकरणातही २०२१ मध्ये न्यायालयाने उमेदवाराला संरक्षण दिले. अट एवढीच, की लाभ एकाच राज्यात घ्यावा, दोन्हीकडे नव्हे.

तोडग्याची दिशा येथेच सापडते. आयर्लंडसारखा देश त्या बेटावर जन्मलेल्या आजी-आजोबांच्या आधारे परदेशात जन्मलेल्या नातवंडाला नागरिकत्वाचा दावा करू देतो; भिलाईचा नातू तर आपल्याच देशातील एका राज्यात गणना मागतो आहे. १९५६ पूर्वी आलेल्या कुटुंबांपुरता, जात दोन्ही याद्यांत असल्यास आणि मूळ राज्यातील हक्क सोडल्यास, छत्तीसगडचा दाखला देण्याचा विचार केंद्र व दोन्ही राज्ये करू शकतात. कारखान्याची जुनी सेवापुस्तके आगमनाचे वर्ष सांगतील, कोतवाल बुक जात सांगेल. यातून १९५६ नंतर आलेल्यांचा प्रश्न सुटणार नाही, हेही स्पष्ट असावे. मात्र तोवर जिल्हा कार्यालयांनी निदान केंद्रीय लाभाचा दाखला तरी विनाविलंब द्यावा. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.