प्राध्यापकांना अ‍ॅप नको, शेजारी बसणारं कुणीतरी हवं

प्राध्यापकांसाठीची तंत्रज्ञान कार्यशाळा ठरलेल्या साच्यात होते. उद्घाटन, मग तीन तासांत पंधरा अ‍ॅप, जेवण, प्रमाणपत्र. ‘नॅक’च्या फाइलला फोटो मिळतो. सोमवारी वर्गात पुन्हा खडू-फळा, आणि आपण म्हणतो, ‘सरांना टेक्नॉलॉजी जमत नाही.’ मला हे मान्य नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपासून महिन्यातला एक शनिवार एका कला महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसोबत बसतो. मराठीच्या मॅडमच्या सगळ्या नोट्स कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या. मुलांच्या मोबाइलवर त्या उघडल्या की नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं. उर्दूच्या सरांचं दुखणं तेच, फक्त फाइल जुन्या इनपेजची. कारण साधं आहे. जुन्या पद्धतीत अक्षराला दिलेला क्रमांक त्या फॉन्टपुरता किंवा त्या सॉफ्टवेअरपुरताच चालतो; युनिकोडमध्ये तो सगळीकडे एकच असतो. कन्व्हर्टरने मजकूर बदलायचा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. एका प्रकरणाला एक दुपार पुरते. मग नोट्स मोबाइलवर वाचता येतात, त्यात शब्द शोधता येतो, दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर त्या वाचून दाखवतो. पंधरा अ‍ॅपच्या यादीत हे काम कुठेच नसतं.

दुसरं म्हणजे आधी शिकवण्याची पद्धत, मग साधन. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून तासाच्या मध्येच एक बहुपर्यायी प्रश्न विचारू लागले. विद्यार्थी उत्तर देतात, शेजाऱ्याशी वाद घालतात, पुन्हा उत्तर देतात. क्लिकर नंतर आले. हात वर करूनही हे चालतं. आपल्याकडे प्लिकर्स वापरता येतं. मुलांच्या हातात छापलेल्या कागदी कार्डाशिवाय काहीच लागत नाही, मोबाइल फक्त शिक्षकाकडे. घरातला एकुलता एक फोन भावाकडे असतो, अशी मुलगीही त्यात मागे पडत नाही.

साधनांचा तुटवडा नाही. मूडल मोफत आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. ‘स्वयम्’ 2017 पासून सुरू आहे, आणि यूजीसीच्या 2021च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घेता येतात. म्हणूनच मला घाई वाटते. प्राध्यापक या सगळ्यात सामील झाले नाहीत, तर घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारा मुलगा व्हिडिओसमोर एकटा पडेल. अडलं की विचारायला समोर कुणी नसेल.

आपल्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईत आयटीत आहेत. जुन्या कॉलेजला प्रोजेक्टर भेट देण्यापेक्षा महिन्यातले दोन तास द्या. जाताना स्लाइड नेऊ नका. माऊस सरांच्याच हातात राहू द्या. आपण दहा सेकंदांत करून दाखवलेलं ते संध्याकाळपर्यंत विसरतात, आणि पुन्हा विचारायला संकोचतात. वयाने, मानाने मोठी माणसं आहेत ती. चहा आला की इतकंच विचारा, ‘सर, पुढच्या आठवड्यात काय शिकवणार आहात? मुलं त्यात कुठे अडतात?’