तारीख राखून ठेवण्याचा अधिकार

मध्यमवर्गीय महाराष्ट्राच्या विवाहसोहळ्यात अलीकडे एका नव्या पत्रिकेची भर पडली आहे. लग्नपत्रिका छापून येण्याच्या कितीतरी आधी, कधी चार तर कधी सहा महिने अगोदर, वधूवरांचे छायाचित्र असलेले एक कार्ड नातलगांच्या आणि स्नेह्यांच्या हाती पडते किंवा बहुधा त्यांच्या मोबाइलवर येऊन दाखल होते. त्यावर मुहूर्त नसतो, कार्यालयाचा पत्ता नसतो, निमंत्रकांची नामावळीही नसते. असते ती तारीख आणि ती राखून ठेवण्याची विनंती. ‘सेव्ह द डेट’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा अमेरिकेकडून आली. तेथे आप्तेष्ट दूरदूरच्या राज्यांत विखुरलेले असतात, विमानाची तिकिटे आणि कामावरील रजा यांची जुळवाजुळव आधी करावी लागते, म्हणून औपचारिक निमंत्रणापूर्वी ही सूचना पाठवली जाते. पुण्यामुंबईतील ज्या कुटुंबांची मुले परदेशी किंवा बंगळूर-हैदराबादकडे नोकरीस आहेत, त्यांचीही गरज याहून निराळी नाही. तेव्हा या कार्डात निषेध करण्याजोगे काही आहे असे नव्हे. तथापि ते पाठवणे कोणाला शक्य आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न विचारताच समाजाच्या रचनेतील काही गोष्टी उघड्या पडतात. त्यांचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने केला पाहिजे.

पत्रिका निवडणे हा मराठी घरातला साधा व्यवहार कधीच नव्हता. मुंबईत गिरगावातील खाडिलकर रोडवर, म्हणजे जुन्या कांदेवाडीत, पत्रिकांच्या दुकानांची रांगच आहे. तेथे नमुन्यांचे ढीग उलगडले जातात, कागदाची जाडी बोटांनी चाचपली जाते, सोनेरी छपाई घ्यावी की साधी यावर खल होतो. मजकूर ठरवताना तर साऱ्या कुळाची उतरंड कागदावर मांडली जाते. कोणाचे नाव ‘आपले नम्र’ म्हणून वर यावे, कोणाचे खाली, वैधव्य आलेल्या काकूंचे नाव घालावे की नाही, या प्रश्नांवर घरात रुसवेफुगवे होतात. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवली जाते आणि मग याद्या सुरू होतात. कोणाकडे जातीने जायचे, कोणाला टपालाने धाडायची, कोणाला नुसते तोंडी सांगायचे, हे ठरवताना प्रत्येकाची पत कुटुंबप्रमुख मनातल्या मनात मोजत असतो. खेड्यातील पत्रिकेवर आमदार, साखर कारखान्याचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे सदस्य यांची नावे ‘प्रमुख उपस्थिती’ या मथळ्याखाली छायाचित्रांसह झळकतात. आता ही मोजणी दोनदा होते, एकदा तारखेच्या कार्डासाठी आणि पुन्हा पत्रिकेसाठी. ज्याला पहिले कार्ड आले नाही, त्याला आपली जागा कोठे आहे हे सहा महिने आधीच कळते.

यावर एक सोपी टीका नेहमी केली जाते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. त्या मीमांसेचा आधार घेऊन लग्नातील प्रत्येक नव्या फॅशनवर कोरडे ओढता येतात, आणि लगोलग गरिबांनाही उपदेश करता येतो की त्यांनी लग्नात खर्च करू नये, कर्ज काढू नये, म्हणजे त्यांचे दारिद्र्य हटेल. हा उपदेश करणाऱ्यांनी महाराष्ट्राच्याच इतिहासातील एक प्रकरण ध्यानात घ्यावे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले. त्यांच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने आयोग नेमला. रयत कर्जबाजारी होते ती लग्नकार्यांतील उधळपट्टीमुळे, असा तेव्हाच्या अधिकारीवर्गाचा आवडता सिद्धान्त होता. आयोगाने तपास केल्यावर लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे असा निष्कर्ष काढला. शेतीचे दारिद्र्य, लहरी पाऊस, साऱ्याची पद्धत आणि सावकाराच्या हाती कायद्याने दिलेली शस्त्रे ही कारणे त्याहून मोठी होती. परकीय सरकारच्या आयोगाला जे मान्य करावे लागले, ते आजही अनेक सुशिक्षितांच्या गळी उतरत नाही. चळवळीने तरी त्या जुन्या सिद्धान्ताची री ओढू नये.

या कार्डातून निघणारा खरा प्रश्न पैशाच्या आधी वेळेचा आहे. सहा महिन्यांनंतरचा एक दिवस राखून ठेवण्यासाठी त्या दिवसावर आपली मालकी असावी लागते. ज्याला हक्काची भरपगारी रजा आहे, त्याला ती मालकी आहे. ही मालकी कोणी दान केलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्यातून एक निश्चित सुटीसुद्धा नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची साप्ताहिक सुटी पदरात पडली. आज नोकरदार मराठी कुटुंब लग्नासाठी डोळे झाकून रविवार पाहते, त्या रविवारामागे हा लढा आहे. ज्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीवाचून, अल्प खर्चात, वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांवर विवाह लावून दाखवला, त्याच समाजाच्या कार्यकर्त्याने कामगाराला हा दिवस मिळवून द्यावा, हा योगायोग नव्हे. माणसाचे आयुष्य त्याच्या स्वतःच्या ताब्यात यावे, ही दोन्ही कामांमागची प्रेरणा एकच होती.

कंत्राटी सफाई कामगार, बांधकामावरचा मजूर, मोबाइलच्या आज्ञेवर घरोघरी जिन्नस पोहोचवणारा तरुण यांना मात्र आजही भरपगारी रजा बहुधा मिळत नाही. बहिणीच्या लग्नाचा दिवस राखून ठेवायचा तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते आणि परतल्यावर काम शिल्लक असेलच याची खात्री नसते.

ऊसतोडणी कामगाराची स्थिती याहून बिकट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे कारखान्यांच्या भागात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांचे दिवस त्यांचे नसतात. हंगाम केव्हा संपणार हे ऊस किती आहे आणि कारखाना किती दिवस चालतो यावर ठरते. नवरा-बायकोची जोडी हा येथे कामाचा घटक असतो आणि त्याला ‘कोयता’ असे अवजाराचेच नाव आहे. जोडी झाली की उचल मिळते, मागे गावात वयात आलेल्या मुलीला एकटे ठेवण्याची धास्ती उरत नाही, आणि म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या वयाच्या मुलींची लग्ने घाईघाईने उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते; बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या वर होते. या लग्नांची तारीख पंचांग ठरवत नाही आणि मुलगी तर नाहीच नाही. ती मुकादमाच्या गाडीच्या वेळेवर ठरते.

वेळेची मालकी असूनही ज्यांना तारीख सांगता येत नाही, असा आणखी एक वर्ग आहे. जात आणि धर्म ओलांडून लग्न करू पाहणाऱ्या तरुण-तरुणींना मित्रांनाही तारीख दबक्या आवाजात सांगावी लागते. २०१३ च्या पहिल्याच दिवशी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या कारणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा तरुण-तरुणींना गुप्ततेची गरज आहे. आणि नेमके त्यांच्याच बाबतीत शासन स्वतः तारखेचे कार्ड काढते.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते. तीत दोघांची नावे, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण नोंदवावे लागते. ही नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते, आणि नोटिशींचे पुस्तक कोणालाही विनामूल्य पाहता येते. दोघांपैकी एकाचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तेथील अधिकाऱ्याकडेही तिची प्रत जाऊन तेथेही ती लागते. म्हणजे ज्या गावापासून ती दोघे जीव मुठीत धरून दूर आली, त्या गावाच्या जिल्ह्यात शासन आपण होऊन बातमी पोहोचवते. मग तीस दिवस थांबायचे, आणि त्या तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत कायद्यातील अटींपुरतीच घेता येते हे खरे, पण घरच्यांना आणि गल्लीतल्या संस्कृतिरक्षकांना हरकतीचा कागद लागत नाही, त्यांना पत्ता पुरतो. याउलट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधिपूर्वक लग्न करणाऱ्यांना अशी कोणतीही पूर्वसूचना द्यावी लागत नाही. त्यांनी लग्न आधी करावे आणि नोंदणी मागाहून करावी. धर्माच्या चौकटीत राहणाऱ्याला मोकळीक आणि चौकट ओलांडणाऱ्याला महिनाभराची जाहीर परीक्षा, असा हा न्याय आहे. १८७२ च्या ब्रिटिश कायद्यात ही मुदत चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताने ती तीस केली.

नोटीस नसेल तर फसवणूक होईल, आधीचे लग्न लपवले जाईल, असा बचाव केला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे. आधीचे लग्न लपवण्याची शक्यता विधिपूर्वक होणाऱ्या लग्नात कमी असते असे कोणी म्हणणार नाही. तरी तेथे भिंतीवर नोटीस लावण्याची गरज कायद्याला भासलेली नाही. पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे हा गुन्हा आहे, नोंदणी विवाहात वधूवर लेखी प्रतिज्ञापन करतात, आणि ते खोटे निघाल्यास शिक्षेची तरतूद आहे. स्त्रीच्या संरक्षणासाठी वयाचे व ओळखीचे दाखले काटेकोरपणे तपासावेत. त्यासाठी तिचा पत्ता चव्हाट्यावर टांगण्याचे कारण नाही. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे हे वधूवरांच्या इच्छेवर असावे आणि सक्तीची प्रसिद्धी मूलभूत हक्कांवरील आक्रमण ठरते, असा निर्णय दिला. त्याची दिशा योग्य आहे. परंतु कायद्याचा मजकूर बदलल्याशिवाय देशभरच्या कार्यालयांतील फलक रिकामे होणार नाहीत. महाराष्ट्र शासनाची दिशा तर नेमकी उलटी राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी एक समन्वय समिती स्थापन केली, आणि टीका होताच आंतरजातीय हा शब्द काढून आंतरधर्मीय तेवढा ठेवला. फुले-आंबेडकरांच्या भूमीत हे घडले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्चाटनाची मीमांसा करताना आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून सांगितला. महात्मा गांधींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ज्या विवाहात एक पक्ष अस्पृश्य मानलेल्या समाजातील असेल त्यालाच आशीर्वाद द्यायचा, असा नियम स्वतःपुरता केला. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून स्त्रियांच्या वैवाहिक हक्कांचा प्रश्न धर्माच्या आतून मांडला. हा सारा वारसा ज्या पक्षाला सांगायचा आहे, त्याच्या कार्यकर्त्यांनी कोणाची पत्रिका किती जाड आहे यावर उपहास करण्यात शक्ती घालवू नये. स्वतःच्या घरची पत्रिका साधी असावी, तीवर पुढाऱ्यांची नावे नसावीत, वैधव्य आलेल्या स्त्रीचे नाव मानाने असावे आणि वधूच्या आईवडिलांचे नाव वराच्या आईवडिलांच्या बरोबरीने असावे, एवढे पथ्य पुरे आहे.

त्यापलीकडचे काम मोठे आहे. विशेष विवाह कायद्यातील नोटिशीची जाहीर प्रसिद्धी आणि तीस दिवसांची सक्ती रद्द व्हावी, यासाठी प्रत्येक जिल्ह्यातून निवेदने गेली पाहिजेत आणि पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न सभागृहात लावून धरला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार राज्यांना सुचवला होता. आपल्या जिल्ह्यात असा निवारा आहे का आणि तो खरोखर चालतो का, हे कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे. ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी उचलीच्या आणि मजुरीच्या मागण्यांसोबत मुलींसाठी हंगामी वसतिगृहांची मागणी अग्रक्रमाने घ्यावी, म्हणजे लग्न हा मुलीच्या सुरक्षिततेचा एकमेव मार्ग राहणार नाही. कंत्राटी आणि असंघटित श्रमिकांना भरपगारी रजेचा हक्क मिळावा, ही मागणी लोखंड्यांच्या रविवाराइतकीच न्याय्य आहे.

आणि जोवर कायदा बदलत नाही, तोवर एक काम आजच करण्यासारखे आहे. नोंदणी विवाहाला तीन साक्षीदार लागतात. घरच्यांनी पाठ फिरवलेल्या जोडप्याला ते तिघे मिळवतानाच नाकी नऊ येतात. पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने किमान तीन विश्वासू माणसांची, त्यांतही स्त्रियांची, नावे तयार ठेवावीत. नोटीस लागल्यापासून लग्न होईपर्यंतचा महिना ही माणसे त्या दोघांच्या पाठीशी उभी राहतील आणि ठरलेल्या दिवशी विवाह अधिकाऱ्यासमोर सही करतील. ती तारीख त्यांनी आपल्या दिनदर्शिकेत अवश्य राखून ठेवावी.