वाघाटीची पिल्ले आणि उसाचा फड



गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, शिराळा या भागांतून 'उसात बिबट्याची पिल्ले सापडली' अशा वार्ता येऊ लागतात, आणि वनखात्याची माणसे येऊन पाहतात तो त्यांतली काही पिल्ले बिबट्याची नसून वाघाटीची निघतात. राखट अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर उभ्या पांढऱ्या रेघा आणि पूर्ण वाढीनंतरही अवघे दीड किलोच्या आसपास वजन, असे हे मांजर जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असून भारत, श्रीलंका व नेपाळ सोडून अन्यत्र आढळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे साक्षात वाघाच्या पंक्तीस बसविले खरे. पानावर मात्र अद्याप काही वाढलेले नाही.

आपली संरक्षणाची सारी कल्पना हद्दीच्या खांबांशी येऊन थांबते. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून अभयारण्य उभे राहिले, ही कामे थोरच आहेत. परंतु वाघाटी अशा राखीव वनापुरती राहत नाही. ओढ्याकाठची झुडपे, खडकाळ माळ आणि सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेली जमीन हेही तिचे घर. ते आपण बांध कोरून व ओढे बुजवून लागवडीखाली आणले, तेव्हा दीड-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या आडसाली उसात, जिथे आडोसाही आहे आणि उंदरांचा सुकाळही, ती पिल्ले घालू लागली तर नवल ते काय? शेतकऱ्याचे ती नुकसान तर करीत नाहीच, उलट उंदीर मारून बिनपगारी चाकरी करते.

पिल्ले दिसताच ती कळवळ्याने घरी नेणे, गाईचे दूध पाजणे, मोबाइलवर छायाचित्रे काढणे, हाच त्यांचा खरा घात होय. आई दिवसा माणसांच्या चाहुलीने दूर राहते. वनखात्याने ती पिल्ले संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून पाळत ठेवली असता आई रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, हे अनेकदा दिसून आले आहे. तेवढा फडाचा तुकडा एक रात्र राखावा, एवढीच गरज असते. पण ऊसतोड टोळीची मजुरी टनावर आणि मुकादमाची उचल डोक्यावर. तेव्हा त्या खोळंब्याची भरपाई वनखाते व कारखाना यांनी मिळून द्यावी, मजुराच्या भूतदयेवर विसंबू नये. तोडणी सोपी व्हावी म्हणून फड पेटविण्याचा प्रकार मात्र कोणत्याही सबबीखाली चालू देऊ नये, कारण तिथे क्रेट ठेवायलाही पिल्लू उरत नाही.

वाघाटीच्या घराचा प्रश्न निघालाच आहे, तर गायरानांविषयीही एक शब्द. सौर प्रकल्पांसाठी ती देण्याचे धोरण सध्या जोरात आहे. विजेला माझा विरोध नाही. परंतु महसूल दफ्तरात 'पडीक' लिहिले म्हणून जमीन ओसाड ठरत नाही, म्हणून हुकूम निघण्यापूर्वी वनक्षेत्रपालांचा लेखी अभिप्राय घेणे बंधनकारक करावे. सातारा व सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांना व वनाधिकाऱ्यांना या दोन्ही बाबींसाठी एकत्र बोलवावे, आणि तेही गव्हाणीत मोळी पडण्याच्या आत.

आपला,
एक ऊस बागायतदार, ता. वाळवा, जि. सांगली