बदलापूरवरून मॅरेथॉन: ४२ किलोमीटर धावायचेत, पण आधी ६८ किलोमीटरचं बघा

जानेवारीचा तिसरा रविवार आला की दुपारपासून आपल्या फीडवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. गळ्यात मेडल, छातीवर नंबर, मागे सीएसएमटीची इमारत. ऑफिसातला तो अकाउंट्सवाला, जो कधी जिना चढताना दिसला नाही, तो २१ किलोमीटर धावून आलेला असतो. आपण लाइक ठोकतो आणि मनात म्हणतो, पुढच्या वर्षी आपणही.

हे वाक्य दादरला राहणाऱ्याने म्हणणं आणि बदलापूरला राहणाऱ्याने म्हणणं, यात बराच फरक आहे. मुंबई मॅरेथॉनची हौशी धावपटूंची ४२ किलोमीटरची शर्यत अलीकडे पहाटे ५ वाजता सीएसएमटीहून सुटते. त्यासाठी मध्य रेल्वे गेली काही वर्षं खास लोकल सोडते. पहाटे ३ च्या सुमारास निघून साडेचारला सीएसएमटी. पण ती सुटते कल्याणहून. म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या धावपटूची शर्यत ५ ला नाही, रात्री दोनला सुरू होते, कल्याण गाठण्यापासून.

हा झाला वर्षातला एक दिवस. खरा प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे. शून्यापासून सुरुवात करून शर्यतीत खरोखर कुणाला तरी मागे टाकण्यापर्यंत जायचं असेल, तर या पट्ट्यातल्या माणसाला नेमकं काय आडवं येतं? उत्तर पायात कमी आणि टाइमटेबलमध्ये जास्त आहे.

आधी, हौशी म्हणजे कोण?

लांब पल्ल्याची धावपटू म्हटलं की आपल्याला कविता राऊत आठवते, ललिता बाबर आठवते. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत होती. मग ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची फायनल धावली. दहावी आली.

त्यांच्या रस्त्यात गाव, शाळेतली शर्यत, प्रशिक्षक आणि धावण्याच्या जोरावर मिळालेली सरकारी नोकरी असे टप्पे होते. आपल्याकडचा हौशी धावपटू नेमका उलटा चालतो. त्याला नोकरी आधी लागते, पोट नंतर सुटतं, डॉक्टर शुगर तपासायला सांगतात आणि मग तो तिशी-चाळिशीत बूट घेतो. कविता-ललितासारख्यांना धावण्याने नोकरी दिली. याला धावण्यासाठी नोकरीतून वेळ आणि पगारातून पैसा काढावा लागतो. दोघांना एकाच शब्दाने धावपटू म्हणतात, एवढंच साम्य.

पहिले तीन महिने शरीर खोटं बोलतं

मी अंबरनाथची. धावायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी दीड मिनिटात दम लागला होता. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं करत सातव्या-आठव्या आठवड्यात न थांबता २ किलोमीटर झाले आणि मला वाटलं, आता काय, सुटलोच आपण. दहाव्या आठवड्यात डाव्या नडगीत असं काही दुखायला लागलं की स्टेशनचा ब्रिज उतरताना कठडा धरावा लागे.

नंतर कळलं की हे जवळपास ठरलेलंच असतं. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, यांना मात्र महिनोन् महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात इंजिन गाडीपेक्षा दमदार झालेलं असतं. दम लागत नाही म्हणून आपण जास्त धावतो आणि नडगी किंवा टाच बिल फाडते.

यावर धावपटूंच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नियम फिरतो: दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका. ऐकायला शास्त्रीय वाटतो. पण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये नवख्या धावपटूंवर याची चाचणी झाली होती. एका गटाला १३ आठवड्यांचा हळूहळू वाढवत नेणारा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. २००८ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांत दुखापती सारख्याच, २० टक्क्यांच्या आसपास.

मग २०२५ मध्ये ५,२०० धावपटूंचा एक मोठा अभ्यास आला. त्यात धोका दिसला तो आठवड्याच्या बेरजेत नाही, एका दिवसात. गेल्या ३० दिवसांतल्या तुमच्या सगळ्यात लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त धावलात, की दुखापतीची शक्यता वाढते. एकदम दुपटीहून जास्त धावलात, तर ती शक्यताही दुपटीच्या पुढे जाते.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण इथेच लोकल मध्ये येते.

चार तास, रोज

बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे, अंबरनाथ ६० वर. फोर्टात साडेनऊची ड्युटी असेल तर बदलापूरकर सव्वासात-साडेसातला घर सोडतो. साडेसहाला सुटला तर साडेआठ-पावणेनऊला घरी. रिक्षा, ब्रिज, प्लॅटफॉर्म धरून जाण्या-येण्यात चार तास. आठवड्याचे पाच दिवस धरले तरी २० तास.

आता धावण्याचा हिशोब. हाफ मॅरेथॉनची बरी तयारी म्हणजे आठवड्याला ४० ते ५० किलोमीटर. किलोमीटरला साडेसहा मिनिटं धरली तर ५० किलोमीटरला साधारण साडेपाच तास. म्हणजे आठवडाभराच्या प्रवासाचा पाव हिस्साच. वेळ फार लागत नाही. अडचण आहे तो कुठून काढायचा ही.

संध्याकाळ गेली. उरली पहाट. पाचला रस्त्यावर यायचं तर साडेचारला उठायचं, आणि सात तास झोप हवी तर रात्री साडेनऊला दिवा बंद. पावणेनऊला घरी आलेल्या माणसाने पाऊण तासात जेवून, मुलांशी बोलून, डबा घासून झोपायचं? घरात सून किंवा आई असलेल्या बाईने तर हा हिशोब मांडायलाच जाऊ नये, कारण तिच्या पहाटे पाचवर आधीच स्वयंपाकघराचं रिझर्वेशन असतं.

मग होतं काय, मंगळवारची धाव बुडते. गुरुवारची बुडते, कारण बुधवारी लोकल उशिरा आली होती. आणि शनिवारी रात्री अपराधी वाटून माणूस ठरवतो, उद्या सगळं भरून काढू. महिनाभरात सात किलोमीटरच्या वर न गेलेला रविवारी ग्रुपबरोबर पंधरा मारतो. वरच्या अभ्यासात जी सगळ्यात धोक्याची उडी सांगितली आहे, ती हीच. आळशीपणा किंवा चुकीचे बूट हा नंतरचा विषय. लांबचा प्रवास माणसाला रविवारचा धावपटू बनवतो आणि रविवारचा धावपटू फिजिओथेरपिस्टकडे जातो.

त्यामुळे ज्यांना नियमित धावायला जमलंय, त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. त्यांनी आठवड्यातली धाव लांब नाही, छोटी पण न चुकणारी केलेली असते. २५ मिनिटं, पण मंगळवारी आणि गुरुवारी नक्की. वर्क फ्रॉम होमचा एक दिवस मिळाला तर तो त्यांच्यासाठी बोनसपेक्षा मोठा असतो.

धावायचं कुठे, आणि श्वास कसला घ्यायचा

उल्हासनगर शहर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं. २०११ च्या जनगणनेत इथे ५ लाखांहून जास्त माणसं होती. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकीत निर्वासितांना ठेवलं गेलं आणि त्यातून हे शहर उभं राहिलं, त्यामुळे आजही पत्ता कॅम्पच्या नंबरवरून सांगतात. इथे १० किलोमीटर सलग धावायचं म्हणजे मैदानाला गरगर फेऱ्या. ४०० मीटरची फेरी असेल तर २५.

अंबरनाथ-बदलापूरचं नशीब जरा बरं. बदलापूरहून बारवी धरणाकडे किंवा कोंडेश्वरकडे जाणारे रस्ते चढ-उताराचे आहेत, आणि पावसाळ्यात धावायला यापेक्षा देखणी जागा ठाणे जिल्ह्यात शोधावी लागेल. पण पहाटे पाचला तिथे अंधार असतो, कुत्री असतात, आणि एकटी बाई असेल तर अंधार आणि कुत्री हे प्रश्न सोपे वाटायला लागतात. मी आजवर त्या रस्त्यांवर एकटी गेलेली नाही. कटई-बदलापूर रस्त्याला दिवे आहेत, पण डंपरही आहेत.

आणि हवा. शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हा आकडा ६० च्या वर जातो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वर जात नाही, म्हणून कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूरही खालीच साचतो. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसी शेजारी राहणाऱ्यांना पहाटेचा तो उग्र वास कुणी समजावून सांगायला नको. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या मोरिवली भागात रासायनिक वायू पसरला, तेव्हा डोळे-घसा चुरचुरण्याच्या तक्रारी शहरभर होत्या. आरोग्यासाठी धावणाऱ्याला दहापट हवा लागते आणि त्याला मोकळा वेळ मिळतो तो नेमका त्याच पहाटेचा. वास येत असेल त्या दिवशी सरळ परत फिरावं, किलोमीटर कुठे पळून जात नाहीत.

फिनिश करणं आणि रेस करणं

पहिली हाफ, मग पहिली फुल. इथपर्यंत जिद्द पुरते. वेळेवर पूर्ण केली, मेडल मिळालं, झालं. खरा बदल होतो तो माणूस वेळ मोजायला लागतो तेव्हा. चार तासांत मॅरेथॉन म्हणजे प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत, ४२ वेळा. जगभरच्या हौशी धावपटूंचं देवस्थान म्हणजे बोस्टन मॅरेथॉन. तिथे २०२६ साठी ३५ वर्षांखालच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटांची वेळ हवी होती, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं ९ सेकंद. एवढंही पुरलं नाही. अर्ज इतके आले की पात्रतेपेक्षा ४ मिनिटं ३४ सेकंद जास्त वेगवान असलेल्यांनाच जागा मिळाली.

तिथवर जायची पद्धत मात्र कंटाळवाणी आहे. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला. त्यात साधारण ८० टक्के सराव इतका सावकाश होता की धावता धावता गप्पा मारता याव्यात. फक्त उरलेला २० टक्के जोरात. आपल्याकडे बहुतेक जण याच्या मधलंच काहीतरी करतात. सावकाश धावायला लाज वाटते, कारण स्ट्राव्हावर सगळ्यांना पेस दिसतो.

स्पर्धेतली एक गंमत मात्र उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या बाजूची आहे. बक्षिसं वयोगटानुसार असतात. पंचविशीतल्या मुलाला १० किलोमीटरमध्ये नंबर काढायचा तर कॉलेजच्या आणि भरतीच्या पोरांशी गाठ असते. पंचेचाळिशीच्या वरच्या महिलांच्या गटात स्टार्टलाच मोजकी नावं असतात. चाळिशीत बूट बांधलेली बाई चार-पाच वर्षं सातत्याने धावली तर ती पोडियमवर दिसू शकते, आणि दिसतेही.

फक्त एक बघा, शर्यतीचा मार्ग प्रमाणित आहे का. प्रमाणित मार्ग खास यंत्र लावलेल्या सायकलने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजार मीटरला एक मीटर जास्तीचा ठेवतात. गल्लीतल्या रेसमध्ये १० किलोमीटर म्हणून साडेनऊच धावलात तर तुमचा विक्रम घरच्यांपुरताच. मुंबई मॅरेथॉनच्या फुलसाठी आधीच्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं आणि स्टार्टला पुढे उभं राहायचं की मागे, हेही त्यावरच ठरतं.

खर्चाचं थोडक्यात: बूट ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. आठवड्याला ५० धावणाऱ्याला वर्षाला तीन ते पाच जोड लागतात. त्यात एन्ट्री फी धरा. धावणं फुकट असतं असं सांगणाऱ्याने बहुतेक एकच जोड घेतलेला असतो.

आणि मग तो रविवार. रात्री दोनला उठून, कल्याण गाठून, सीएसएमटीला अंधारात ताटकळत, पाचला सुटून, परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाला देवाचा धावा करत माणूस साडेनऊ-दहाला फिनिश करतो. मेडल घेतो, फोटो काढतो. मग प्लॅटफॉर्मवर येऊन इंडिकेटर बघतो. रविवार असतो, म्हणजे बऱ्याचदा मेगाब्लॉक. बदलापूर गाडीला वेळ आहे. मांड्या दगडासारख्या झालेल्या असतात, बसायचंय, पण आत आल्यावर समोरचे तिघे हलत नाहीत. तो मेडल शर्टाच्या आत टाकतो आणि विचारतो, "जरा सरकता का?" चौथी सीट मिळते, निम्मी. अंबरनाथपर्यंत एवढी पुरते.